पाळी अडलेल्या लेकीचं ऑपरेशन : घाई कुठे करायची, कुठे नाही

मुलगी पंधरा वर्षांची झाली, छाती भरली, काखेत केस आले, उंची वाढली, पण पाळी आली नाही, तर आधी एकच विचारा. पोट दुखतं का, आणि दुखत असेल तर महिन्याच्या महिन्याला दुखतं का? दुखत असेल तर आत रक्त तयार होतंय आणि त्याला बाहेर यायला वाट नाही, असा संशय धरायचा. हे काम लवकर करायचं. अजिबात दुखत नसेल तर गर्भपिशवी जन्मतःच तयार न झाल्याची शक्यता असते, नाहीतर हार्मोनचं काही कारण असतं. तिथे तपासणी वेळेवर करायची, पण ऑपरेशनसाठी धावायचं नाही. आमच्या भागात नेमकं उलटं होतं. दुखणाऱ्या पोरीला वर्षभर ओव्याचं पाणी देतात, आणि न दुखणारीचं लग्न ठरलं की, ‘सिस्टर, पंधरा दिवसांत ऑपरेशन करून द्या’ म्हणत येतात.

मी निवृत्त सिस्टर आहे. नोकरीचा बहुतेक काळ स्त्रीरोग वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरात गेला. आता वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला गावात राहते. ऑपरेशन कसं करायचं हे सर्जनचं काम. मुलीला टेबलापर्यंत नीट कसं न्यायचं आणि टेबलावरून उतरल्यावर घरी कसं सांभाळायचं, तेवढं मी सांगू शकते.

दुखणं कसं ओळखायचं

घरात कालनिर्णय लटकलेलं असतंच. पोरीचं पोट दुखलं त्या तारखेला पेनानं खूण करायची. दोन-तीन महिन्यांच्या खुणा पाहिल्या की अंतर दिसतं. पंचवीस-तीस दिवसांनी तेच दुखणं, बेंबीच्या खाली, कमरेत कळ, तीन-चार दिवसांत आपोआप कमी, आणि दर खेपेला मागच्यापेक्षा जास्त. सोबत लघवी अडकून येणं, शौचाला त्रास. लघवी पूर्णच बंद झाली तर खुणा बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

एक पोरगी आठवते, नववीतली. पोट वर आलं होतं. गावात कुजबुज झाली, शाळा बंद केली, आईनं वॉर्डात आणून माझ्या कानाशी तोंड नेलं : ‘बाई, काहीतरी करून हे खाली करून द्या, हिच्या बापाले समजलं तर मारून टाकीन.’ पोरीला विचारलं तर ती नुसती रडायची. लघवीची तपासणी केली, गरोदर नव्हती. डॉक्टर मॅडमनी दिवा लावून फक्त बाहेरून पाहिलं. योनीच्या तोंडाशी निळसर, ताणलेला पडदा फुगून आला होता. वर्षभराची पाळी त्याच्यामागे साठलेली. मी त्या माऊलीला म्हटलं, ‘तुमची पोरगी चोख आहे, तिची वाट बंद आहे.’ मग ती जी रडली ते वेगळंच. म्हणून आशाताईंना माझं सांगणं असतं, वयात आलेल्या पोरीचं पोट वर आलं तर गरोदरपण आणि अडलेली पाळी ही दोन्ही कारणं एकदम डोक्यात ठेवा. पोरीवर आळ घ्यायच्या आधी तपासणी करा.

एक फसवा प्रकारही आहे. पाळी नियमित येते, तरी दुखणं दर महिन्याला वाढत जातं. काहींना जन्मतः दोन गर्भपिशव्या आणि दोन योनिमार्ग असतात. एका बाजूची वाट उघडी, दुसरीची बंद. उघड्या बाजूनं पाळी येते म्हणून सगळे निर्धास्त, आणि बंद बाजूला रक्त साठत राहतं. अशा मुलींत बंद बाजूचं मूत्रपिंड बहुतेक वेळा नसतंच. त्यामुळे पाळीच्या दुखण्यावर गोळी लागू पडत नसेल आणि सोनोग्राफीत एकच मूत्रपिंड दिसलं, तर डॉक्टरांना या प्रकाराबद्दल मुद्दाम विचारा. यात मधला पडदा कापून बंद बाजू मोकळी करतात, पिशवी काढत नाहीत.

बारक्या लेकरांबद्दलही आया विचारतात. न्हाऊ घालताना लक्षात येतं की ‘हिले खाली जागाच नाही’. एक-दोन वर्षांच्या मुलींत बाहेरचे ओठ एकमेकांना चिकटलेले असतात, ते जन्माचं व्यंग नव्हे. लघवी नीट होत असेल तर बहुतेकदा वयात येईपर्यंत आपोआप सुटतं, किंवा डॉक्टर मलम देतात. बोटानं ओढून फाडू नका. मी तशी फाडलेली लेकरं पाहिली आहेत, ते पुन्हा चिकटतं आणि जास्त घट्ट.

कुठे, कशी न्यायची

पहिली गाठ उपकेंद्रातल्या सिस्टरची किंवा आशाताईची. शाळकरी मुलगी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी. त्या पथकातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली की वरच्या दवाखान्यात काम सोपं जातं. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी झाली तर उत्तम, पण या ऑपरेशनसाठी मोठं ठिकाण गाठायचं. आमच्याकडून सेवाग्राम किंवा सावंगीचं मेडिकल कॉलेज जवळ पडतं. नागपूरकडचे लोक मेडिकल नाहीतर मेयोला जातात, दोन्ही तिथली सरकारी मोठी रुग्णालयं. यवतमाळ आणि अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अमरावतीकडच्या बाया आधी डफरीन, म्हणजे तिथलं जिल्हा स्त्री रुग्णालय गाठतात. पडदा बाहेरच दिसणारा असेल तर जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयातही काम होतं. पडदा आत खोल असेल, योनिमार्गच नसेल किंवा पिशवीचं तोंड नसेल, तर असे रुग्ण नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा. पहिलं ऑपरेशन बिघडलं की दुसरं फार अवघड होतं, कारण तिथे वण धरतो.

रेशन कार्ड, मुलीचं आणि आईवडिलांचं आधार, आधीचे सगळे कागद एका पिशवीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो. भरती व्हायच्या आधी त्याच्याकडे जाऊन ऑपरेशनचं नाव सांगायचं आणि ते योजनेत बसतं का विचारायचं. भरती झाल्यावर, पैसे भरल्यावर विचारण्यात अर्थ नाही. एसटीनं येणाऱ्यांनी पहिल्या गाडीनं निघावं, आणि सोबत एक बाई असावी जी मुक्कामाला राहू शकेल. एमआरआयची तारीख पुढची मिळते, त्यासाठी पुन्हा यावं लागतं. कापसाच्या वेचणीत मजुरी बुडते हे मला माहीत आहे, पण ही एक तारीख चुकवू नका.

तपासताना सगळ्यांना एक भीती असते : ‘आतून तपासलं तर पोरीचं लग्न कसं होईल?’ अविवाहित मुलीची आतून तपासणी बहुतेक वेळा लागतच नाही. बाहेरून पाहणं, भरलेल्या लघवीवर पोटावरून सोनोग्राफी, आणि गरज पडली तर एमआरआय, एवढ्यात निदान होतं. कोणी आतून तपासणार असेल तर का, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. खोलीत बाई सोबत हवीच.

सोनोग्राफीच्या कागदावर ‘गर्भपिशवी दिसत नाही’ असं लिहून आलं की घरात रडारड सुरू होते. थांबा. लघवी भरलेली नसेल, पिशवी लहान असेल, तर ती दिसत नाही. एमआरआयनं चित्र स्पष्ट होतं : पिशवी आहे का, तिचं तोंड आहे का, पडदा किती जाड आणि किती वर, बीजांडं कुठे. मूत्रपिंडांची सोनोग्राफी न विसरता करून घ्या. पिशवी नसलेल्या मुलींत साधारण तिघींपैकी एकीच्या मूत्रपिंडात काहीतरी वेगळं असतं. मूत्रपिंड एकच असेल तर पुढे आयुष्यभर दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खायच्या नाहीत.

गुणसूत्रांची तपासणीही करतात. रिपोर्टात एक्स-वाय (जे सहसा पुरुषांत असतं) आलं म्हणून तुमची मुलगी मुलगा होत नाही. अशा मुलींत पोटातल्या ग्रंथी वेगळ्या असतात आणि त्या काढायच्या की नाही, कधी, हा वेगळा विचार असतो. तो रिपोर्ट काकाला, मामाला, शेजारणीला दाखवायचा नाही. मुलीला मात्र नीट बसवून डॉक्टरांकडून समजावून घ्या.

आणि आपल्या विदर्भाची खास गोष्ट : सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. मुलीला किंवा घरात कुणाला असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा, कार्ड असेल तर दाखवा. तपासणी झालेली नसेल तर ऑपरेशनआधी मागून घ्या. सिकलसेल असलेल्या मुलीला उपाशी ठेवताना पाणी कमी पडू देत नाहीत, सलाइन आधी लावतात, थंडी वाजू देत नाहीत. आपल्या पोरींचं हिमोग्लोबिनही कमीच असतं, त्यामुळे वेळ हातात असेल तर लोहाच्या गोळ्या आधी सुरू करा.

वाट मोकळी करायचं ऑपरेशन

तोंडाशी पडदा बंद असणं साधारण हजार-दोन हजार मुलींत एकीला आढळतं. ऑपरेशन छोटं आहे. भूल देतात, पडद्याला फुलीसारखा छेद घेतात, कडा थोड्या काढून टाके घालतात म्हणजे पुन्हा जुळणार नाही. आतून काकवीसारखं काळपट, दाट रक्त येतं. ते आपोआप वाहू द्यायचं असतं. वरून पोट दाबून काढायचं नाही, नाहीतर ते गर्भनळ्यांतून मागे पोटात जाऊ शकतं. डोक्याकडचा भाग उंच ठेवतात, त्यामुळे पोरगी पलंगावर अर्धी बसलेली दिसली तर उशी काढून आडवी करू नका. नातेवाईक येऊन ‘आराम कर’ म्हणत पलंग खाली करतात. मी तिथे उभी राहून राखण केलेली आहे.

कोणी ‘सुईनं रक्त ओढून घेऊ, ऑपरेशन नको’ म्हणालं तर नको म्हणा. सुईचं भोक बंद होतं आणि आतल्या जुन्या रक्तात जंतू शिरतात. मग साधं काम मोठं होतं.

घरी गेल्यावर काही दिवस काळपट रक्त जात राहील. पॅड वेळेवर बदला. कापड वापरत असाल तर उन्हात कडक वाळलेलं. अंघोळ तांब्यानं घ्या, तलावात-नदीत उतरू नका. ताप, घाण वास, पोट पुन्हा फुगणं, लघवी अडणं यांपैकी काही दिसलं तर परत या. पुढच्या महिन्याची पाळी बाहेर आली की काम झालं. या मुलींना पुढे लेकरंबाळं व्हायला सहसा अडचण येत नाही, आणि ‘आता पोरगी कुमारी राहिली नाही’ असं म्हणणाऱ्या आजीला डिस्चार्ज कार्ड दाखवा. तपासून कौमार्य सांगता येतं हीच मुळात खोटी समजूत आहे.

पडदा आत, वरच्या भागात आडवा असेल तर प्रकरण वेगळं. जाड पडदा काढल्यावर वरची आणि खालची कातडी जुळवून शिवावी लागते, आणि ती जागा आवळत जाते. त्यामुळे नंतर साचा, म्हणजे वाट आवळू नये म्हणून योनीत ठेवायची गुळगुळीत कांडी, वापरावा लागतो. डॉक्टर ‘आत्ता लगेच नको, काही महिने गोळ्या देऊन पाळी थांबवू, मग ऑपरेशन करू’ म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत. गोळ्यांनी आतलं रक्त तयार होणं थांबतं, दुखणं थांबतं, मुलगी थोडी मोठी होते आणि साचा वापरायला मनानं तयार होते. पिशवीला तोंडच नसेल तर ते सगळ्यात अवघड. नवीन वाट करतात, पण ती बुजते, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. काही वेळा पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो. इथे दुसऱ्या मोठ्या रुग्णालयाचं मत घ्याच.

पिशवी आणि योनिमार्ग नसेल तर

साधारण साडेचार ते पाच हजारांत एका मुलीला गर्भपिशवी आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार झालेला नसतो. बीजांडं असतात, म्हणून बाकी शरीर सगळं बाईचं. दुखणं बहुतेकींना नसतं. (क्वचित एखादीला अर्धवट पिशवीचा तुकडा असतो, त्यात पाळीचं अस्तर असेल तर दुखतं, तो दुर्बिणीनं काढतात.)

कोणत्याही ऑपरेशननं पाळी येणार नाही, हे आईबापांनी आधी गिळायला हवं. ऑपरेशन होतं ते नवरा-बायकोच्या संबंधासाठी जागा करायला. त्यामुळे ते कधी करायचं हे मुलीनं ठरवायचं, तिची समज आल्यावर. ‘बारावीच्या सुट्टीत उरकून टाकू’ असं आई म्हणते तेव्हा मी मुलीला बाहेर नेऊन विचारते. तिला नको असेल तर नको. मनाविरुद्ध केलेली जागा मुली साचा न वापरता बंद होऊ देतात. डॉक्टर चिडतात, आई चिडते, पण त्या पोरीला विचारलेलंच नसतं.

पहिला उपाय ऑपरेशन नसतोच. गुळगुळीत साच्यांचा संच मिळतो, लहानापासून मोठ्यापर्यंत. योनीच्या जागी जो खळगा असतो तिथे साचा ठेवून दहा ते तीस मिनिटं, दिवसातून एक ते तीन वेळा, हलका दाब द्यायचा. दिशा मागे, माकडहाडाकडे. वर लघवीच्या वाटेवर दाबायचं नाही. वंगण लावायचं. दुखेपर्यंत दाबायचं नाही, ताण जाणवेल इतकंच. नियमानं केलं तर दहापैकी नऊ जणींना यानंच पुरेशी जागा होते, काही महिन्यांत.

‘नियमानं’ हा शब्द पुस्तकात सोपा आहे. आमच्याकडे दोन खोल्यांचं घर, त्यात सासू-सासरे, दीर, न्हाणीला दार म्हणून ताडपत्री. अर्धा तास एकांत कुठून आणणार? मी मुलींना सांगते : घरातली एक बाई विश्वासात घ्या, आई नाहीतर मोठी बहीण. दुपारी सगळे वावरात गेले की ती बाहेर बसेल, तुम्ही आत. साचा साबण-पाण्यानं धुऊन, स्वच्छ कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. वसतिगृहात असाल तर सुट्टीत सुरू करा. घरी हे जमतच नसेल तर मोठं शिक्षण किंवा नोकरी लागून स्वतःची खोली होईपर्यंत थांबा. बिघडत काही नाही.

साच्यानं जमलं नाही किंवा मुलीला तो मार्ग नको असेल तर ऑपरेशन. लघवीची पिशवी आणि शौचाची वाट यांच्या मधे जागा करतात आणि तिला अस्तर लावतात : मांडीची पातळ कातडी, किंवा सिझेरियन झालेल्या, तपासलेल्या आईच्या वारेचं पातळ आवरण, किंवा पोटातलं अस्तर, किंवा आतड्याचा तुकडा. खळग्यात ठेवलेला मणी दुर्बिणीतून घातलेल्या दोऱ्यानं हळूहळू वर ओढून जागा वाढवण्याचीही पद्धत आहे. कोणती पद्धत चांगली यावर सर्जनांत एकमत नाही. ज्यांचा ज्यात हात बसलेला, त्यांच्याकडून तीच करून घ्यावी, असं मला वाटतं. आतड्याची जागा आवळत नाही, पण चिकट स्राव येत राहतो आणि पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. कातडी किंवा वारेचं आवरण लावलं तर साचा चुकवून चालत नाही.

भरतीचे दिवस कंटाळवाणे असतात. साचा आत, लघवीला नळी, सुमारे आठवडाभर पलंगावर. शौचाला जोर लागू नये म्हणून हलका आहार देतात. घरून भाकर-ठेचा आणू नका. त्यानंतर पहिले काही महिने साचा जवळजवळ दिवसरात्र, मग फक्त रात्री, आणि संबंध नियमित होईपर्यंत पूर्ण सोडायचा नाही. लघवी किंवा शौच योनीतून येतंय असं वाटलं तर लाजू नका, त्याच दिवशी या.

लग्नाआधी मुलाला सांगायचं. लपवून केलेली लग्नं दोन महिन्यांत माहेरी परत आलेली आहेत, आणि तेव्हा सगळ्या गावाला कळतं. मूल हवं असेल तर दत्तक आहे. बीजांडं चांगली असतात, म्हणून सरोगसीही होऊ शकते. २०२१ च्या कायद्यानं ती पैसे देऊन करता येत नाही, पण पिशवी नसणं हे कारण त्यात बसतं. गर्भाशय प्रत्यारोपणही आपल्या राज्यात झालं आहे : पुण्याच्या गॅलेक्सी केअरमध्ये मे २०१७ मध्ये देशातलं पहिलं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथेच प्रत्यारोपण केलेल्या पिशवीतून बाळ जन्मलं. ते मोठं, खर्चाचं आणि जोखमीचं काम आहे, त्या आशेवर पोरीला झुलवत ठेवू नका.

पिशवीत पडदा आणि पडणारे गर्भ

हे लग्न झालेल्यांसाठी, थोडक्यात. गर्भ पुन्हा पुन्हा पडले आणि पिशवीत मधे पडदा निघाला तर तो योनिमार्गातून दुर्बीण घालून कापतात, पोट फाडावं लागत नाही. आधी खात्री हवी की पडदाच आहे, दोन शिंगांची पिशवी (वरच्या बाजूला बाहेरूनच दोन भागांत दुभंगलेली) नव्हे. त्यासाठी पिशवीचा बाहेरचा आकार थ्रीडी सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये पाहावा लागतो. दोन शिंगांची पिशवी कापायची नसते. पडदा असला तरी प्रत्येकीचा कापून फायदा होतोच असंही नाही. २०२१ मध्ये आलेल्या ८० बायकांच्या एका अभ्यासात पडदा कापलेल्यांपैकी ३१ टक्के आणि न कापलेल्यांपैकी ३५ टक्के जणींना बाळ झालं. अभ्यास लहान आहे, पण ‘पडदा दिसला की काप’ म्हणणाऱ्याला ‘का’ असं विचारायला पुरेसा आहे.

अर्धी पिशवी आणि बाजूला बंद शिंग असेल, आणि त्यात अस्तर असेल, तर ते शिंग दुर्बिणीनं काढून घ्या. त्यात गर्भ राहिला तर ते फुटून आत रक्तस्राव होतो.

यातल्या कोणत्याही ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स लॅमिनेट करून घ्या आणि माहेर-सासर दोन्हीकडे एकेक ठेवा. गर्भ राहिला की पहिल्याच तपासणीला सिस्टरला ते दाखवायचं, आणि बाळंतपण उपकेंद्रात नको, जिथे रात्रीही सिझेरियन होतं तिथेच नोंदवायचं.